ओळखीचा हात

बाळंतपणाची रजा संपवून यमुना डेपोत परतली आणि थेट आपल्या देखभालीतल्या ट्रकच्या एअर फिल्टरपाशी गेली. हे शेवाळाचे जिवंत फिल्टर ओळखीचा हात फिरल्याशिवाय धूळ सोडत नसत. हा तर तिने कोंबापासून वाढवलेला, पण तिचा हात लागताच तो आक्रसला.

"आता तो माझाच हात मागतो, ताई," तिच्या बदलीवरची नसरीन संकोचून म्हणाली. "मी करू का?"

"तू चहा घेऊन ये!" यमुना फणकारली.

ड्रायव्हर खोळंबला होता. नसरीन आपला घामेजलेला हातमोजा काढून ठेवून वळताच यमुनेने तो चढवला आणि पुन्हा हात फिरवला. फिल्टर लाडात येऊन फुलला, भसाभस धूळ सोडू लागला. यमुनेच्या अंगाचा तिळपापड झाला, पण धूळ संपली तरी तिच्याने हातमोजा काढवेना.