खालची बाजू

कुरामित्सुने टेबलावरचं फडकं बाजूला केलं आणि इनाओकाबाईंच्या तोंडून नुसतं “अगंबाई!” एवढंच निघालं. इतकी वर्षं माळ्यावर पडून पिवळा झालेला व्हिडिओ गेम आजच विकत आणल्यासारखा दिसत होता. पांढरं खोकं, डाळिंबी कडा, दोन्ही अंगांना खोचलेले दोन कंट्रोलर.

“चालतो का हो, भाऊ?”

“चालतो? पळतो म्हणा!” त्याने कॅसेट बसवली, बटण सरकवलं. टीव्हीवर चित्र आलं आणि ती जुनी धून वाजायला लागली. इनाओकाबाईंनी तोंडावर हात ठेवला. या धुनेवर आवाज चढवून स्वयंपाकघरातून त्यांनी किती वेळा हाका मारल्या होत्या, जेवायला ये म्हणून.

“मी म्हटलं नव्हतं, बाई?” कुरामित्सुची बायको तोमिए गल्ल्यावरून बोलली. ओसाकाच्या त्या गल्लीत नवराबायको दोघं मिळून जुन्या गेमचं दुकान चालवत. “ह्यांच्याकडे दुरुस्तीला काही दिलं की अंघोळ घालूनच परत येतं. एक दिवस मलाही असंच पिवळेपणा घालवायला औषधात बुडवून उन्हात ठेवतील.”

इनाओकाबाई खळखळून हसल्या. “परवा माझ्या पोराचं, शुनपेईचं, तेहेतिसावं श्राद्ध. त्याच्या वर्गातले सहाजण येतायत. एकाला टक्कल पडलंय, एक बँकेत साहेब झालाय. मी बजावून ठेवलंय, देव्हाऱ्यासमोर बसायचं आणि त्याच्याच गेमवर खेळायचं. देवळातल्या गुरुजींनाही सांगितलंय, मंत्र जरा लवकर आटपा.” मग म्हणाल्या, “हे शेवटचंच. यापुढे त्याचं वेगळं काही करायचं नसतं. पूर्वजांत मिसळून जातो म्हणतात.”

बोलता बोलता त्यांनी गेम दोन्ही हातांनी उचलला आणि उलटा केला. खालच्या बाजूवरून बोट फिरवलं. चष्मा काढून पुसला, परत लावला, पुन्हा पाहिलं.

“भाऊ, इथे लिहिलेलं होतं.”

कुरामित्सुला आठवलं. जाड मार्करने लिहिलेलं, वाकडंतिकडं. चौथी, दुसरी तुकडी, इनाओका शुनपेई. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गेमवर, प्रत्येक कॅसेटवर कुठल्या ना कुठल्या पोराचं नाव असायचंच. या घरातून त्या घरात फिरायच्या त्या, म्हणून आया नावं घालायला लावत. पण नाव असलेली वस्तू गिऱ्हाईक हातात धरत नाही. म्हणून रोज दुकान उघडलं की कुरामित्सु आधी स्पिरिट आणि कापूस घेऊन नावं पुसायला बसायचा. हा गेम विकायचा नाही, परत द्यायचाय, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याचा हात चालत राहिला. हे नाव पुसायचं नसतं, तेवढं एक त्याच्या ध्यानात आलं नाही.

तोमिएने टीव्ही बंद केला.

“मी पुसलं,” कुरामित्सु म्हणाला. “चुकलं माझं. फार चुकलं.” त्याने कपाळ टेबलाला टेकेल इतकी मान खाली घातली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

“अहो, उठा, उठा. चांगल्यासाठीच केलंत तुम्ही.” इनाओकाबाईंचा आवाज अगदी शांत होता, आणि तेच ऐकवत नव्हतं. “मीच ओरडले होते त्याला. नाव घाल, नाहीतर कुणाच्या तरी घरी राहून जाईल म्हणून. तर मुद्दाम इतकं मोठं लिहिलंन, की मावेना. शेवटचं अक्षर कडेवर चढलं होतं.”

“मी लिहून देतो. होतं तस्संच.” कुरामित्सुने खणातून मार्कर काढला, टोपण उघडलं. बाई नुसत्या मार्करकडे बघत राहिल्या. त्यानेच टोपण परत लावलं.

“ज्याने पुसलंत,” त्या हळूच म्हणाल्या, “तो कापूस टाकून दिलात का हो?”

कचरा शुक्रवारी जायचा. आज गुरुवार होता. कुरामित्सुने टेबलाखालची टोपली ओढली आणि वर्तमानपत्र पसरून त्यावर पालथी केली. आठवडाभराचे कापसाचे बोळे. असतील पंचवीस-तीस. त्याने एकेक सुटा करून मांडला. प्रत्येकावर काळा डाग होता, आणि एकाचा डाग दुसऱ्यापासून ओळखता येत नव्हता.

इनाओकाबाई खुर्ची पुढे ओढून वाकल्या. “ह्यातला आमचा कुठला?”

गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही, हा कुरामित्सुचा हट्ट होता. वस्तू टिकणार नसेल तर तोंडावर सांगायचा, आणि त्यावरून तोमिएशी त्याची रोज खडाजंगी व्हायची. आताही त्याच्या ओठांवर आलं होतं, की बाई, नाही सांगता येणार. पण त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्याने मधला एक उचलला.

“हा.”

बाईंनी हातरुमाल उलगडून तो त्यावर ठेवून घेतला. रुमाल डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

“एवढं मोठं लिहिलं होतं त्याने,” त्या म्हणाल्या, “आणि शाई एवढीशीच?”

कुरामित्सुने दुसरा बोळा उचलला. “हाही. दोन लागले होते.”

“दोन नव्हे, तीन,” त्याच्या पाठीमागून तोमिए म्हणाली. “मी होते ना इथे.” आणि वर्तमानपत्रावरचा आणखी एक उचलून तिने बाईंच्या रुमालात ठेवला.