उताराची पिशवी

सून टेबलावर सॅक भरत होती आणि सासू शेजारी बसून उकडलेली अंडी सोलत होती. नुकतं उजाडलं होतं. खिडकीतून डोंगर स्पष्ट दिसत होता, माथ्यावर ढगाचा ठिपकाही नव्हता.

"किती देऊ?" सासूनं विचारलं.

"दोन पुरेत."

"दोन? खायचं चिमणीएवढं आणि गप्पा डोंगराच्या!"

सून हसली नाही, उलट उत्तरही दिलं नाही. पूर्वी असं काही बोललं की ती लगेच तोंडाला तोंड द्यायची. मग मध्ये बसलेला मुलगा आईकडे आणि बायकोकडे आळीपाळीनं बघून म्हणायचा, "चालू द्या तुमचं, मी जरा बाहेर जाऊन येतो." तो हॉस्पिटलातून परत आलाच नाही, तेव्हापासून या घरात भांडण झालं नव्हतं. दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागत. सासूला तेच जास्त टोचायचं.

डोंगरावर जायचं तर पिशव्या दोन, ही त्याची शिस्त. सासू पडदे शिवून द्यायची. उरलेल्या कापडातून तिनंच त्या शिवल्या होत्या. पिवळी चढाची, निळी उताराची. पिवळीतलं वाटेत खाऊन-पिऊन संपवायचं. निळी मात्र माथ्यावर पोचल्याशिवाय उघडायची नाही, मग घशाला कितीही कोरड पडो. तिच्यात पाण्याची दुसरी बाटली, कोरडे मोजे, बॅटरी आणि चॉकलेट. "वर काय, कुणीही जातं," तो म्हणायचा. "माणसाचे हाल होतात ते खाली येताना." लग्नानंतर पहिल्यांदा दोघं निघाले, तेव्हा त्यानं दारातच सॅक उघडून सुनेकडून निळ्या पिशवीतली एकेक वस्तू मोजून घेतली होती. सून तेव्हा खूप चिडली होती.

सासू अंडी घेऊन उठली. सॅकमध्ये पिवळी पिशवी होती. पाण्याची एक बाटली होती. तिनं हात घालून तळ चाचपला. मग खोलीभर नजर फिरवली.

निळी पिशवी शिलाई मशीनवर होती. रिकामी. इस्त्री करून, चार घड्या घालून ठेवलेली. वर घराची किल्ली.

"निळी राहिली गं."

"असू दे आई. उगाच ओझं."

"आणि किल्ली?"

"तुम्ही आहात ना घरात."

"येताना काय पिशील मग? वारा?"

सून सॅकचा पट्टा ओढत होती. तो आधीच घट्ट होता. "येताना तहान लागत नाही," ती म्हणाली.

सासूनं तिच्याकडे नीट पाहिलं. डोळे कोरडे होते. तिचं रडणं थांबलं, तेव्हा शेजारणी म्हणाल्या होत्या, सावरली बिचारी. सासूलाही तसंच वाटलं होतं. काल दिवसभर ती घर आवरत होती, तेव्हा तर सासूला बरंच वाटलं. फ्रीज आतून पुसला. त्याचे शर्ट बांधून शेजारी देऊन टाकले. सासूच्या गोळ्या, सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या, चांगल्या दोन महिन्यांच्या लावून ठेवल्या.

आता तो गोळ्यांचा डबा सासूला समोर दिसत होता.

जाऊ नकोस, असं सासूच्या अगदी जिभेवर आलं. पण का, असं सुनेनं विचारलं तर? काय सांगायचं? सासू स्वतः रोज सकाळी डोळे उघडायची आणि आठवलं की पुन्हा मिटून घ्यायची.

तिनं अंडी टेबलावर ठेवली. हात पुसले. दाराशी जाऊन चपलांच्या खणातून आपले कॅनव्हासचे जुने बूट काढले आणि खुर्चीत बसली.

"हे काय, आई?"

"मीही येते."

"तुम्ही? अहो, तुम्हाला जिना झेपत नाही."

"कोण म्हणतं? जिना मी चढते. बसत-उठत का होईना, चढते. डॉक्टरलाही हेच सांगून दमले मी." सासू बुटाची लेस सैल करत होती. "माझे गुडघे दुखतात ते उतरताना."

सुनेनं सॅक खांद्यावर घेतली.

"ते उतरणं काही आपल्याला करायचं नाहीये ना?" सासू म्हणाली. "मग झालं तर."

खाली कोपऱ्यावर डोंगराकडे जाणारी बस येऊन थांबली. तिचं इंजिन घरघरत राहिलं.

सुनेनं खांद्यावर घेतलेली सॅक तशीच पाठीवर होती. ती पुढे आली आणि सॅकसकट सासूच्या पायाशी बसली. सासूनं पाय पुढे केला. तो सुजलेला होता, बुटात अर्ध्यावरच अडकला.

"जोर लाव जरा," सासू म्हणाली.

सुनेनं दोन्ही हातांनी बूट धरला. तिचे खांदे हलत होते, मान खाली होती, चेहरा दिसत नव्हता. कोपऱ्यावर बसनं एकदा हॉर्न दिला. सून जोर लावत होती. ती बूट चढवते आहे की काढते आहे, ते सासूला कळेना.