वीरण्णाची फुली

"उचला हे. टाकसाळीत झालेलं न्हाई, भायेर झालंय," म्हणत वीरण्णानं आणखी एका नाण्यावर फुली मारली.

भांड्यांवर नावं घालायची छिन्नी त्याच्या हाताशीच असायची. टाकसाळीतच चुकलेली नाणी तो हौसेनं विकत घेई; बाकी दुकानात आलेल्या प्रत्येक टाकाऊ नाण्यावर तो तिनं फुली उठवी. तेच नाणं घेऊन पुन्हा कुणी डोकं खायला येऊ नये, म्हणून. लोक तरी काय काय आणत! रुळावर ठेवून चपटा केलेला रुपया, चुलीत काळी झालेली चवली. "चूल कुठली, टाकसाळ कुठली, कळंना या जनावरांना," असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणे.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या जिल्ह्याच्या पहिल्या प्रदर्शनात उद्या वीरण्णाची नाणी मांडायची होती, टाकसाळीतच चुकलेली, एकाहून एक. टाकसाळीतच कड कातरलेलं नाणं तेवढं त्याला जन्मात मिळालं नव्हतं. पेटीतला तो रिकामा खण त्याला पडलेल्या दातासारखा छळत होता. त्यात दुष्काळ. विहिरी आटल्या, पूजेत टाकलेली नाणी तळाला उघडी पडली आणि गाळासकट त्याच्या दुकानात येऊ लागली.

मघापासून ताटकळलेल्या औशाच्या धुरपताबाईंनी पदराची गाठ सोडली. निजामी आणा निघाला. कडेला उंदरानं घास घ्यावा तसा तुकडा गेलेला.

"कैचीनं कातरलाय. अक्कल हिरीतच ठिवून आलाव का, बाई?"

"तसाच घावला, आप्पा. नीट बघा तरी."

"मला शिकवताव? भायेर झालंय हे!"

छिन्नी बसली. हादऱ्यानं दुसऱ्या कडेवरचा वाळलेला गाळ सुटून पडला.

वीरण्णाचा हात थांबला. खरी पारख त्याला पाठ होती, चारचौघांत तो ती मिरवायचाही. कड टाकसाळीतच कातरली गेली असेल, तर बरोबर समोरची कडही नीट उठत नाही, पुसट राहते. नंतर कातरलेल्या नाण्याची समोरची कड उभीच्या उभी असते.

इथं ती पुसट होती.

त्यानं आणा उजेडात धरला, धोतराला पुसला, पुन्हा धरला. मधोमध ताजी फुली चकाकत होती. ती काही पुसली जाईना.

धुरपताबाई पुढं झुकल्या. फुलीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं,

"आन हे, आप्पा? हे टाकसाळीत झालंय का भायेर?"