दिवा वरच होता
"साहेब काय म्हणतोय?" दवाखान्यात दाखल झाल्यापासून बाबांचा रोजचा पहिला प्रश्न हाच. साहेब म्हणजे घरच्या फिशटँकमधला, पोट सुटलेला केशरी मासा. काचेत स्वतःचं थोबाड उमटू नये म्हणून खोलीतले दिवे मालवून, टाकीवर एकच दिवा ठेवून बाबा त्याचे फोटो काढत. आज सकाळी साहेब पोट वर करून तरंगत होता. लेकीने तसाच फोटो काढला आणि मोबाइलवर उलटा फिरवला. साहेब पोहू लागला. "मजेत आहे, बाबा." बाबांनी फोटो निरखला. "दिवा कुठे ठेवलास?" "वरच. तुम्ही ठेवता तिथेच." "मग पाठ अंधारात नि पोट चमकतंय कसं?" बाबांनी मोबाइल हळूच उलटा धरला, साहेबाला डोळे भरून पाहिलं. "डॉक्टर काल 'काळजी नको' म्हणाले, असं सांगितलंस ना? आता तेही सुलटं करून सांग."