सत्काराचं जॅकेट

“लाइफ जॅकेट नसेल तर पाण्यात पाय ठेवायचा नाही,” निवड समितीचे रत्नपाल सर म्हणाले आणि रागिणीच्या पाठीला बांधलेल्या तेलाच्या रिकाम्या डब्याकडे बघतच राहिले.

रागिणीला त्यात बघण्यासारखं काही वाटेना. पोहायला ती डबा बांधून शिकली, शिडाची होडी हाकायलाही डबा बांधूनच शिकली. पण आज राज्याच्या शिबिरासाठी निवड होती आणि सर तेवढ्यासाठी इसापूर धरणाच्या काठावर आले होते. दोन फेऱ्या, दोन्ही ठरल्या वेळेत, आणि दुपारचा वारा पडायच्या आत. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. म्हणजे आज, नाहीतर कधीच नाही.

“काका, आपली जॅकेटं कुठं हायेत?” तिने क्लबच्या अध्यक्षांना विचारलं. अध्यक्ष म्हणजे तिचे सख्खे चुलते, शिवहारकाका.

काकांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग काठावरच्या मंडपात लावलेल्या हंगामाच्या शुभारंभाच्या बॅनरकडे. त्यावर त्यांचाच हसरा फोटो होता.

क्लब निघाला तेव्हा कोऱ्या नारिंगी जॅकेटांची अख्खी पेटी आली होती. पण काकांचं म्हणणं पडलं की शाल काय, कुणीही देतं. आपला नौकानयन क्लब, आपला सत्कारही तसाच शोभला पाहिजे. म्हणून पहिल्या हंगामाच्या प्रमुख पाहुण्यांना नारळासोबत जॅकेट चढवलं. पेपरात फोटो आला. मग काय विचारता! झेंडावंदनाचे पाहुणे, दसऱ्याला होडीची पूजा करणारे पाहुणे, कोजागरीचं दूध देणारे दाते, शेवटी मंडपवालासुद्धा. होडी वर्षातून तीन-चारदा पाण्यात जायची, सत्कार मात्र पंधरवड्याला एक. सभासदांपैकी बहुतेकांना पाण्याची भीती वाटायची. माइकची कुणालाच वाटत नसे.

काकांनी फोन लावायला सुरुवात केली. वारंगा फाट्याचे ट्रान्सपोर्टवाले धर्मसिंग म्हणाले, “ते तर म्या ट्रकच्या केबिनीत लावलं, हार घालून. ट्रक हैदराबादेत हाय.” माजी सरपंच निर्मलाबाई भडकल्याच. “चार लोकांत दिलं अन् आता वापस मागून राहिले? थंडीचं मी तेच घालून फिरायला जात असते!” गोरेगावच्या निवृत्त हेडमास्तरांनी ‘जॅकेट’ एवढं ऐकताच फोन आपटला.

उरलं एक. ते क्लबच्या हॉलमध्ये काचेच्या चौकटीत होतं. खाली पितळी पाटी होती: ‘संस्थापक अध्यक्षांचा भव्य सत्कार’. हा सत्कार अध्यक्षांनीच सुचवला होता, अध्यक्षांच्याच सभेत मंजूर झाला होता, आणि सत्काराला उत्तरही त्यांनीच दिलं होतं, चांगलं पाऊण तास.

काकांचा चेहरा पडला. पण खरं सांगायचं तर पुतणीवर त्यांचा जीव होता. पोरीला होडीत बसू द्यायचं नाही म्हणून घरातले अडून बसले, तेव्हा हेच काका भावाशी भांडले होते. त्यांनी चौकट उतरवली, खिळे काढले आणि जॅकेट तिच्या हातात ठेवलं.

“घे बाई. बराबर वापर. पाणी नको लागू देऊ जास्त.”

रागिणी गेली. शीड भरलं, होडी कलली, पाण्यात तरंगणाऱ्या खुणेच्या बोयाला वळसा घालून परतही आली. काठावरच्या लोकांना कळायच्या आत फेरी संपली होती. रत्नपाल सर पहिल्यांदाच हसले. “उत्तम! आता लगेच दुसरी.”

काकांनी फक्त ‘उत्तम’ ऐकलं. आनंदानं त्यांना भरून आलं, आणि भरून आलं की काका एकच गोष्ट करत.

“आन इकडं,” म्हणत त्यांनी पोरीच्या अंगातलं जॅकेट काढलं. पुसून देत असतील, असं तिला वाटलं. पुसलंच त्यांनी. मग सरांना मंचावर ओढून नेलं, जॅकेट घातलं, सगळे पट्टे लावले, वर हार, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात गुच्छ.

“अहो, दुसरी फेरी...” सर म्हणाले, पण तोवर माइक सुरू झाला होता. आधी क्लबचा इतिहास झाला. मग धरणाचा. मग देणगीदारांची नावं निघाली. मंडपावरची पताका मघाशी फडफडत होती, ती आता आळसावली. रागिणी पताकेकडे बघत उभी होती. तिला राग आला, रडूही आलं.

मग ती मंचावर चढली. ओल्या पायांनी. सरांच्या हातातला गुच्छ तिने खुर्चीवर ठेवला, नारळ काकांच्या हातात दिला आणि सरांच्या छातीवरचे पट्टे एकेक करून सोडायला लागली. सरांनी गुपचूप हात बाजूला केले. अंगावर चढलेला सत्कार भर सभेत उतरवायचा, असं तालुक्यात कुणी पाहिलं नव्हतं.

काकांनी आ वासला. इज्जत जायची वेळ आली होती. एका हातात माइक, एका हातात नारळ; सुचेल तर काय सुचेल? पण आयुष्य माइकवर गेलेला माणूस असा बुडत नसतो.

“आता... आता मान्यवर पाहुण्यांच्या शुभहस्ते,” काका कडाडले, “आपल्या कुमारी रागिणीचा जॅकेट देऊन सत्कार होऊन राहिला हाय! जोरदार टाळ्या!”

टाळ्या पडल्या. पट्टे आवळत रागिणी काठाकडे पळाली, उरल्यासुरल्या वाऱ्यात तिने होडी लोटली, आणि क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच सत्कारमूर्ती पाण्यात उतरली.