आबांची फेरी

थाळनेरच्या जुन्या तटाबाहेरून आबा रोज संध्याकाळी फेरी मारत. वाटेत दगडांच्या फटींतली पिंपळाची रोपं खुरप्यानं काढून तापीकाठी लावत. “तट तुमना बापना शे का?” आई चिडवायची. फेरीनंतर ते पुण्यातल्या लेकीला फोन करत, “फेरी झाली बेटा, मी ठणठणीत.” आबांच्या तेराव्यानंतर ती खुरपं घेऊन एकटीच निघाली. डावीकडे तापी उन्हात चमकत होती. पहिल्या बुरुजापर्यंत तट कमरेच्या वर स्वच्छ होता; खाली रोपंच रोपं. आबांना वाकवत नव्हतं तर. बुरुजापुढे सगळाच तट हिरवा. शेळ्या चारणारी दिवालीबाई एका दगडाकडे बोट दाखवत म्हणाली, “आबा आठेच बशी राहेत, माय. पुढे जावायेना. आठूनच तुले फोन करेत.” ती त्या दगडावर बसली. तेवढ्यात आईचा फोन आला. डोळे पुसून म्हणाली, “फेरी झाली, आई. मी ठणठणीत.”