खिंडीच्या अलीकडे

"धुकं आहे," तिने फोनवर सांगितलं. "पुढे केलेला हातसुद्धा दिसत नाही."

बाहेर अंगणात विश्रामगृहाचा म्हातारा रखवालदार रजया उन्हात टाकत होता. ऊन एवढं की त्याने डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. धुक्याचं ऐकून त्याने आधी आभाळाकडे पाहिलं, मग खिडकीतून तिच्याकडे, आणि पुन्हा रजई झटकायला लागला. माणूस शहाणा होता.

फोनवर नवरा होता. घरी, पलंगावर, पाय प्लास्टरमध्ये. तीस वर्षं त्याने या सफरीचा जप केला होता. डोंगरातल्या रानांमधून, जीपने, सहा दिवस आणि एकट्याने. बायकोला घाट लागतो, शिवाय तिला गाडीतलं काय कळतं, हे त्याने पाहुण्यारावळ्यांसमोर इतक्यांदा सांगितलं होतं की पाहुणेही तेच सांगायला लागले होते. शेवटी जंगलाचा परवाना आला, आणि निघायच्या दोन दिवस आधी टपावर सामान बांधता बांधता साहेब स्वतःच खाली आले. परवाना जीपच्या नंबरावर होता, चालवणाऱ्याच्या नावावर नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी भाजी फ्रीजमध्ये असल्याची चिठ्ठी ठेवून ती किल्ली घेऊन निघाली. वर्षभर रोज दुपारी दळण आणायला जाणारी बायको प्रत्यक्षात ड्रायव्हिंग स्कूलला जात होती, हे त्याला त्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला वाचायला मिळालं.

तीन दिवस ती पाइनच्या रानातून एकटीच चढत आली. ओंडक्यांच्या पुलांवर आधी पायी चालून मग गाडी घातली. एका ठिकाणी दरड ओघळली होती, तिथले दगड हाताने बाजूला केले, दोन नखं तुटली. झोपली ती जीपमध्येच. घाट तिला कुठेच लागला नाही. रस्त्याची वळणं नवऱ्याने वहीत लिहून ठेवली होती आणि एकही चुकलं नव्हतं, हेही मान्य करायला हवं. गाडीच्या बाबतीत तो खोटं बोलत नसे.

एकदाच बोलला होता.

बावीस वर्षांपूर्वी घाटापलीकडून तिच्या भावाचा फोन आला होता. आईचं काही खरं नाही, सारखं तुझंच नाव घेतेय, असशील तशी ये. नवऱ्याने गॅलरीत जाऊन डोंगराकडे पाहिलं आणि आत येऊन सांगितलं, घाटात धुकं उतरलंय, धुक्यात गाडी चालत नाही, उद्या बघू. ती पिशवी भरून दारात बसून राहिली. आई संध्याकाळी गेली. दुसऱ्या दिवशी बसच्या ड्रायव्हरने सहज सांगितलं, काल घाट आरशासारखा स्वच्छ होता. जीपला आदल्याच दिवशी नवा रंग दिला होता आणि घाटातल्या रस्त्यावर खडी पडली होती. खडीने रंगावर ओरखडे उठले असते, हे तिने ताडलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. तो विसरून गेला. तिला बदला हवा होता, आणि शिळा झाला तरी चालणार होता.

विश्रामगृहात येऊन आज तिसरा दिवस. सगळ्या रानात फोन काय तो इथेच. इथून दहा किलोमीटर वर खिंड, आणि खिंडीतून ते शिखर, ज्याचं कॅलेंडर घरी अजून भिंतीवर होतं. ती काल जाऊन आली होती, आज सकाळीही जाऊन आली होती. नवऱ्याला मात्र तिन्ही दिवस धुकंच.

"अगं, मग तिथे बसून काय राहिलीस?" आता तो चिडला. "परवाना उद्या संपतोय."

"धुकं आहे ना."

"असू दे की. दिवे खाली कर, काच उघडी ठेव, पहिल्यात टाक आणि डोंगराची बाजू धरून चल."

"मला भीती वाटते. धुक्यात गाडी चालत नाही म्हणतात."

"कोण गाढव म्हणतं? मी शंभरदा चालवलीय. चांगली चालते."

"नीट ऐकू आलं नाही. परत सांगा."

"धुक्यात गाडी चालते!" तो इतका ओरडला की बाहेर रखवालदारानेही मान वळवली.

"गाढव कोण ते विचारलंत ना," ती म्हणाली. "तुम्हीच. आई गेली त्या दिवशी."

पलीकडून पलंगाची करकर ऐकू आली. विसरलो, असं तो म्हणाला नाही, आणि आठवतंय असंही म्हणाला नाही. तिने कधी न ऐकलेल्या आवाजात त्याने विचारलं, "धुकं नाहीये ना गं?"

"नाही."

"पाहिलंस?"

"दोनदा."

"कसं आहे? एवढं तरी सांग."

तिने रिसीव्हर खाली ठेवला, पण फोनवर नाही, शेजारी टेबलावर, उघडा. ओढणी डोक्याला बांधली आणि बाहेर आली.

"बाई, फोन तसाच राहिला," रखवालदार म्हणाला.

"राहू द्या. त्यांना ऐकायचंय."

तिने फोनच्या खोलीची खिडकी बाहेरून सताड उघडली आणि जीप सुरू केली. घरात बसून, गल्लीत शिरलेली गाडी कितव्या गिअरमध्ये आहे हे बिनचूक सांगणारा माणूस तो. पहिला पडला, मग दुसरा. खिंडीच्या चढाला लागताना तिने तिसरा टाकला, तोही अगदी अलगद, जराही न खरडता.